जिना घराचा, माप माणसाचे

नवे घर बांधावयाचे ठरले की आपल्या कुटुंबांत पहिली चर्चा होते ती दुकानाच्या दर्शनी भागाची. मग देवघर, स्वयंपाकघर, दिवाणखाना, मुलांच्या खोल्या असा क्रम लागतो. जिना मात्र नकाशावर जी जागा उरेल तीत बसविला जातो. अलीकडे हे चित्र एका बाजूने बदलले आहे. जिना अंधाऱ्या कोपऱ्यातून उठून दिवाणखान्यात आला आहे. भिंतीतून निघालेल्या तरंगत्या पायऱ्या, काचेचा कठडा, पायरीखाली लपविलेले दिवे अशी छायाचित्रे मोबाइलवर येतात, ती वास्तुविशारदाला दाखविली जातात आणि ‘असा जिना हवा’ असे सांगितले जाते. ही हौस योग्यच आहे, कारण जिना हा घरातील सर्वांत देखणा भाग होऊ शकतो. परंतु छायाचित्रात पायरीची उंची दिसत नाही, आणि त्या जिन्यावरून रोज चढणारी आजीही दिसत नाही. या लेखात नव्या धाटणीच्या जिन्यांची ओळख करून घ्यावयाची आहे. मात्र आधी माप आणि मग रूप, या क्रमाने.

पेठेतले जुने जिने

जुन्या पेठांतील घरांची रचना वाचकांना परिचित आहे. रस्त्यावर दुकान, मागे कोठार, वर राहते घर. दुकानाच्या दर्शनी भागाचा फूट न् फूट कमाईचा. म्हणून जिन्याला मिळे ती बाजूची अरुंद बोळ. वाड्यांतील जिने तर पुष्कळदा जाड भिंतींच्या आतच काढलेले असत. ते चढे आणि अंधारे असत, वरच्या तोंडाला लाकडी झडप असे आणि आधाराला छतापासून लोंबणारा दोर. त्यामागे विचार होता. झडप लावली की वरचा मजला सुरक्षित होई, आणि अरुंद जिन्यातून एका वेळी एकच माणूस येऊ शके. माल, रोकड आणि दागिने घरातच असत त्या काळी हा जिना पहारेकऱ्याचे काम करीत होता.

आज ते काम कुलपे, तिजोऱ्या आणि बँका करतात. चढ्या जिन्याची गरज संपली, पण ‘जिन्याला जागा कमीत कमी द्यावी’ ही सवय मात्र टिकून आहे. बाहेरून काच आणि पोलाद असलेल्या कित्येक नव्या घरांत पायरीचे माप अजून त्या बोळीतलेच असते.

घर दोन होते ते असे

हा प्रश्न केवळ सोयीचा नाही. दुमजली घर बांधताना मुलगा आई-वडिलांसाठी खालची खोली ठेवतो. त्यात प्रेमच असते. सुरुवातीची काही वर्षे ती दोघे दिवसातून दोन-चार वेळा वर जातात. मग गुडघे बोलू लागतात. वर जाणे दिवसातून एकदा होते, मग आठवड्यातून एकदा, मग सणावारी. नातवंडे वर अभ्यास करतात, सून वर असते, टीव्हीसमोरची संध्याकाळही वरच जाते. उन्हाळ्यात पापड, शेवया, खिचिया गच्चीवर वाळत घालण्याचे काम ज्या आजीच्या देखरेखीखाली चाले, ती आता खालून आवाज देऊन विचारते. कोणी भांडलेले नसते, कोणी वेगळे झालेले नसते. तरी एका छपराखाली दोन घरे झालेली असतात. पायरी एक इंचाने कमी उंच असती तर हा दिवस काही वर्षे पुढे गेला असता.

दुसरी बाजू पडण्याची. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये दिलेल्या माहितीनुसार पडल्यामुळे जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे दगावतात, आणि त्यांत साठीपुढील माणसांची संख्या सर्वाधिक असते. हे सर्व अपघात जिन्यावरचे नव्हेत. पण घरात पडण्याच्या ज्या जागा आहेत त्यांत जिन्यावरचे पडणे अधिक जिव्हारी लागते, कारण तेथे माणूस उंचीवरून आणि कठीण कडांवर पडतो.

दीड फुटाचा सौदा

पायरीची दोन मापे महत्त्वाची. एक तिची उभी उंची, जिला मिस्त्री ‘रायझर’ म्हणतात. दुसरी पाऊल ठेवण्याची रुंदी, म्हणजे ‘ट्रेड’. या दोहोंचे नाते सतराव्या शतकात फ्रान्समधील वास्तुविशारद फ्रांस्वा ब्लाँदेल याने सूत्रात बांधले. सपाटीवर चालताना माणसाचे पाऊल सुमारे २४ इंचांचे पडते. वर चढण्याचे श्रम सपाटीच्या दुप्पट. म्हणून पायरीची उंची दोनदा घ्यावी, तीत रुंदी मिळवावी आणि बेरीज २४ इंचांच्या आसपास यावी. त्याचा फ्रेंच इंच आजच्या इंचाहून किंचित मोठा होता. पण २४ ते २५ इंचांची ही बेरीज आजही वास्तुविशारद वापरतात.

आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेत (२०१६) राहत्या घरासाठी पायरीची उंची जास्तीत जास्त १९० मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ साडेसात इंच, आणि रुंदी कमीत कमी २५० मिलिमीटर, म्हणजे सुमारे दहा इंच सांगितली आहे. येथेच गफलत होते. ही मर्यादा आहे, शिफारस नव्हे. वजनात जसे किमान माप पाळले म्हणजे ग्राहकावर उपकार केले असे होत नाही, तसेच हे. हीच संहिता इतर इमारतींसाठी १५० मिलिमीटर उंची आणि ३०० मिलिमीटर रुंदी मागते. घरातील म्हातारी माणसे मात्र साडेसात इंच चढत राहतात.

आता प्रत्यक्ष हिशेब मांडू. खालच्या फरशीपासून वरच्या फरशीपर्यंत उंची दहा फूट, म्हणजे १२० इंच धरू. ‘जागा वाचविणारा’ जिना १६ चढांचा होईल. प्रत्येक चढ साडेसात इंच आणि रुंदी दहा इंच. आरामाचा जिना १८ चढांचा होईल; प्रत्येक चढ सुमारे पावणेसात इंच आणि रुंदी अकरा इंच. ब्लाँदेलच्या सूत्रातही तो बरोबर बसतो. मधे चौथरा घेऊन वळणारा दोन टप्प्यांचा जिना घेतला, तर पहिल्या प्रकारात एका टप्प्यात सात पायऱ्या आणि ७० इंच लांबी लागते. दुसऱ्यात आठ पायऱ्या आणि ८८ इंच. फरक १८ इंचांचा, म्हणजे दीड फुटाचा.

जिन्याच्या दोन्ही टप्प्यांची मिळून रुंदी सात फूट असेल, तर या दीड फुटाने साडेदहा चौरस फूट जागा जाते. आपल्या गावातील बांधकामाच्या दराने ही जागा गुणून पाहावी. दिवाणखान्यातल्या एका सोफ्याच्या किमतीशी ती रक्कम ताडून पाहावी. घरातील ज्येष्ठांना वरच्या मजल्यावर आणखी काही वर्षे नेऊन बसविणारा हा व्यवहार महाग वाटण्याचे कारण दिसत नाही.

काही कुटुंबांत पायऱ्यांची संख्या विषम असावी असा आग्रह असतो. तो पाळावयाचा असल्यास १६ वरून १५ वर उतरू नये. तेथे चढ आठ इंचांचा होतो आणि संहितेची मर्यादाही ओलांडली जाते. १७ किंवा १९ कडे जावे. श्रद्धाही राहील, गुडघेही राहतील.

नव्या रूपांची पारख

मापे ठरली की रूपाची निवड निर्धास्तपणे करता येते. सध्या लोकप्रिय असलेले प्रकार पुढीलप्रमाणे.

तरंगत्या पायऱ्या. भिंतीतून एका बाजूने बाहेर आलेल्या, खाली आधार न दिसणाऱ्या पायऱ्या अगदी आधुनिक वाटतात. पण आपल्या खेड्यांतील जुन्या विहिरी आठवाव्यात. भिंतीच्या चिऱ्यांतून बाहेर काढलेल्या दगडांवरून माणसे शेकडो वर्षे पाण्यापर्यंत उतरत आली. त्या दगडाचा मोठा भाग भिंतीत दाबलेला असे आणि वर भिंतीचे ओझे असे, रहस्य तेवढेच. घरातील तरंगत्या पायरीलाही असाच पक्का धरणारा आधार हवा. काँक्रीटची भिंत किंवा भिंतीत लपविलेला पोलादी सांगाडा नसेल तर हा जिना करू नये. चार इंची विटांच्या किंवा हलक्या ब्लॉकच्या भिंतीत नुसत्या सळया ठोकून तो उभा राहत नाही. दोन पायऱ्यांमधील मोकळ्या फटीकडेही लक्ष द्यावे. ब्रिटनच्या बांधकाम नियमांत लहान मुले वावरतील अशा जिन्याच्या फटींतून १०० मिलिमीटर व्यासाचा गोळा आरपार जाऊ नये असा दंडक आहे. रांगत्या मुलाचे डोके डोळ्यांसमोर ठेवून घातलेला हा नियम आपल्याकडेही पाळण्याजोगा आहे. फटीत खालच्या बाजूने एक जाडसर पट्टी बसविली तरी काम होते आणि जिन्याचा हलकेपणा जात नाही.

एका कण्याचा पोलादी जिना. मधून एकच पोलादी तुळई आणि तिच्यावर सागवानी फळ्या, असा हा प्रकार. तो कारखान्यात तयार होऊन घरात जोडता येतो, त्यामुळे राहत्या घराच्या दुरुस्तीत सोयीचा. जोड ढिले राहिल्यास तो चालताना थरथरतो. वृद्ध माणसाला ही थरथर घाबरविते, म्हणून ताबा घेण्यापूर्वी तो चालून पाहावा.

दुमडलेल्या पट्टीचा काँक्रीट जिना. कागदाची पट्टी घडी घालून उभी करावी तसा हा दिसतो. खालूनही त्याच्या पायऱ्यांचा आकार स्वच्छ दिसतो. पायऱ्या पुढून बंद असल्याने मुलांसाठी निर्धोक, आणि एकत्र कुटुंबाच्या वर्दळीला टिकाऊ. सळयांची रचना स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच करून घ्यावी.

चक्री जिना. कमी जागेत बसतो, म्हणून मोह होतो. पण त्याची पायरी आतल्या बाजूला निमुळती होत संपते. दोन माणसे एकमेकांना ओलांडू शकत नाहीत. गादी, कपाट नेता येत नाही. माळ्यावर किंवा अभ्यासिकेत जाण्यासाठी दुसरा जिना म्हणून तो शोभतो. घराचा एकमेव जिना म्हणून, किंवा गच्चीवर वाळवण नेण्याचा रस्ता म्हणून, तो घेऊ नये.

काचेचा कठडा. काच निवडताना केवळ ‘टफन्ड’ शब्दावर समाधान मानू नये. टफन्ड काच फुटली की तिचे बारीक तुकडे होऊन खाली पडतात आणि कठड्याची जागा मोकळी होते. दोन टफन्ड काचांमध्ये पातळ थर घालून जोडलेली लॅमिनेटेड काच फुटली तरी सहसा जागेवर धरून राहते. काचेच्या वर मुठीत मावेल अशी गोल लाकडी किंवा पोलादी पट्टी अवश्य हवी. तोल गेलेल्या हाताला काचेची कड पकडता येत नाही.

घरातील माणसे ध्यानात घेऊन जिना रचण्याचे एक सुंदर उदाहरण अहमदाबादेत आहे. ल कार्बुझिए या विख्यात वास्तुविशारदाने १९५० च्या दशकात मनोरमा साराभाई यांच्यासाठी बांधलेल्या घरात वरून थेट पोहण्याच्या तलावात उतरणारी काँक्रीटची घसरगुंडी आहे, आणि तिच्या शेजारून पायऱ्या आहेत. काँक्रीटसारख्या रुक्ष साहित्यातही घरातल्या मुलांचा आनंद मावला. प्रत्येकाने घसरगुंडी बांधावी असे नव्हे. आपल्या घरात कोण राहते, हा प्रश्न तेवढ्याच आपुलकीने विचारावा.

पायाखाली आणि हाताशी

आपल्या घरांत माणसे अनवाणी किंवा मोज्यांनी वावरतात. गोचरीसाठी येणारे साधु-साध्वी तर सर्व ऋतूंत अनवाणीच जिना चढतात. त्यामुळे आरशासारखी चकचकीत ग्रॅनाइट किंवा गुळगुळीत टाइल जिन्यावर नको. पावसाळ्यात ओल्या पायांना ती धोक्याची. खरखरीत पोताचा ग्रॅनाइट, कोटा किंवा शहाबादी फरशी चांगली. पायरीच्या कडेला दोन-तीन खाचा असाव्यात आणि कडेचा रंग बाकी पायरीपेक्षा वेगळा असावा. संपूर्ण जिना एकाच रंगाचा केला की उतरताना पायऱ्यांच्या कडा एकमेकींत मिसळतात. दुहेरी भिंगाचा चष्मा लावणाऱ्यांना तर खाली पाहताना वाचनाच्या भिंगातून कड अंधुक दिसते.

सर्व पायऱ्या सारख्या उंचीच्या असणे हे सर्वांत महत्त्वाचे. पहिल्या दोन-तीन पायऱ्यांत पाऊल माप शिकते आणि पुढे न पाहता चालते. मधेच एक पायरी अर्ध्या इंचाने वेगळी आली तर तेथेच ठेच लागते. ही चूक बहुधा पहिल्या किंवा शेवटच्या पायरीवर होते, आणि तिचे कारण साधे असते. मिस्त्री काँक्रीटच्या पायऱ्या सारख्या मापाने ओततो. मग खोलीत दोन-अडीच इंचांची फरशी येते आणि पायऱ्यांवर इंचभराचा दगड. तेवढ्याने हिशेब बिघडतो. म्हणून फरशीची जाडी आधी ठरवावी आणि मापे तयार फरशीपासून तयार फरशीपर्यंत धरावीत.

हाताला आधार दोन्ही बाजूंनी हवा. पक्षाघातानंतर किंवा खांदा दुखावल्यावर कोणता हात चालेल हे आधी ठाऊक नसते. आधाराची पट्टी दीड ते दोन इंच जाडीची, गोलसर, आणि शेवटच्या पायरीच्या पुढे फूटभर जाणारी असावी. जिना संपला हे डोळ्यांआधी हाताला कळते. दिव्याची बटणे वर आणि खाली, दोन्हीकडे असावीत. पायरीखालचे मंद दिवे शोभेचे वाटतात. पण पहाटे अंधारात उठून खाली येणाऱ्या ज्येष्ठांना त्यांच्याइतका उपयोग क्वचितच कशाचा होतो.

जिन्याच्या माथ्यावर गच्चीत जाळीदार झरोके ठेवले तर आणखी एक लाभ होतो. घरातील तापलेली हवा जिन्याच्या पोकळीतून वर चढून बाहेर पडते आणि खालून गार हवा आत येते. झरोक्यांना बारीक जाळी मात्र लावावी, म्हणजे पाखरे आत येऊन अडकत नाहीत.

खाली दुकान असेल तर

ज्या पोकळीतून गरम हवा वर जाते, तीतूनच धूरही जातो. खाली कापड, कागद, तेल किंवा प्लॅस्टिकचा साठा आणि वर कुटुंब, अशी रचना असलेल्या घरांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. दुकानाला आग लागल्यास जिना हा सुटकेचा मार्ग असावयास हवा, धुराडे नव्हे. यासाठी घराचा जिना दुकानाच्या आत उघडू नये. त्याला रस्त्याचा स्वतंत्र दरवाजा असावा. जोडदार ठेवणे भागच असेल तर ते आगीला काही काळ तोंड देणारे आणि आपोआप बंद होणारे असावे. जिन्याखाली मीटर, इन्व्हर्टरची बॅटरी आणि खोकी एकत्र ठेवू नयेत. सणाच्या हंगामात ‘दोन दिवसांपुरते’ म्हणून पायऱ्यांवर रचलेले गठ्ठे महिनाभर तेथेच राहतात. ही सवय मोडावी. गच्चीच्या दाराची किल्ली सर्वांना ठाऊक असलेल्या जागी असावी.

आजारपणाचाही विचार आधी व्हावा. खुर्चीत बसवून माणसाला खाली आणण्याची वेळ आली, तर दोन्ही बाजूंनी धरणाऱ्यांना वळता येईल काय? वळणावर त्रिकोणी पायऱ्या न घेता सपाट चौथरा ठेवला आणि रुंदी सव्वातीन-साडेतीन फूट ठेवली, तर ही अडचण येत नाही. त्याच चौथऱ्यावर एक छोटे बाक ठेवले की चढताना दम घेण्याची जागा होते.

घरगुती लिफ्टचा पर्याय आता अनेकांच्या आवाक्यात आहे. आज ती नको असली तरी प्रत्येक मजल्यावर एकावर एक येतील अशी पाच बाय पाच फुटांची कोठडी ठेवावी आणि तेथील स्लॅब पुढे काढता येईल अशी रचना करून घ्यावी. तोवर कपाट म्हणून ती जागा वापरता येते. मात्र वीज जाते तेव्हा आणि आगीच्या वेळी जिनाच कामी येतो. लिफ्ट आहे म्हणून जिना चढा करू नये.

ज्यांचे घर आधीच बांधलेले आहे त्यांनी निराश होऊ नये. पायरीची उंची बदलणे कठीण. पण दुसऱ्या बाजूला आधाराची पट्टी, कडांवर खरखरीत रंगीत पट्ट्या, दोन्हीकडे बटणे आणि माथ्यावरचे सरकणारे पायपुसणे काढून टाकणे, एवढे आठवडाभरात होते.

आणि ज्यांचा नकाशा अजून टेबलावर आहे, त्यांच्यासाठी एक सोपा प्रयोग. नकाशातील मापाच्या तीन-चार पायऱ्या विटा आणि फळ्या रचून अंगणात किंवा गोदामात उभ्या कराव्यात, बाजूला धरायला भक्कम काठी रोवावी, आणि घरातील सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीला, कोणीतरी जवळ उभे राहून, त्या चढून-उतरून पाहण्याची विनंती करावी. उतरताना लक्ष द्यावे, कारण गुडघ्यांची खरी परीक्षा उतरताना होते. पाऊल आडवे पडत असेल, हात घट्ट होत असेल, तर एक थर कमी करून पुन्हा पाहावे. जे माप त्यांना मानवेल ते कागदावर लिहून, त्याच कागदाखाली काचेचा कठडा, सागवानी पायऱ्या, दिवे यांची यादी करावी आणि तो कागद वास्तुविशारदाच्या हाती द्यावा.